टॉर्विकचे राखीव ड्रायव्हर

४ सप्टेंबर, मंगळवार

चार तास प्रशिक्षण. डोकं भणभणतंय.

गावचं साप्ताहिक बंद पडल्यापासून टॉर्विकमध्ये कोण वारलं हेसुद्धा चर्चसमोरच्या गाड्या बघून कळतं. म्हणून काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीने, ठरवलं – गावातल्या पाच सेवाभावी मंडळांना फेसबुक शिकवायचं. आणि शिकवणार कोण? मी! त्याच साप्ताहिकात सव्वीस वर्षं ‘कोण कोणाकडे गेलं आणि कॉफीबरोबर काय होतं’ हे सदर लिहिणारी आर्डिस लुंडे. वय त्रेसष्ट. आठवड्याला बारा तास.

मला शिकवायला मिनिआपोलिसहून टॅरा नावाची बाई आली होती. चांगली आहे, पण सारखी आनंदात असते. तिचे मंत्र उतरवून घेतले. थोडक्यात लिहा. चेहरे दाखवा. स्पष्ट प्रश्न विचारा, म्हणजे स्पष्ट उत्तर येईल. शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, म्हणून मी दोनदा लिहिलं.

६ सप्टेंबर

गोधडी मंडळ. अकरा बायका. पासवर्ड काय ठेवायचा यावर पाऊण तास चर्चा, मग मतदान, मग ठराव. मंडळाचा प्रत्येक ठराव चर्चच्या फळ्यावर लावायचा असा १९५१ पासूनचा नियम आहे. लावला. पासवर्डसकट.

७ सप्टेंबर

मांजरवाल्यांचं, म्हणजे बेवारस मांजरं सांभाळणाऱ्या मंडळाचं, पान सुरू झालं. घर शोधणाऱ्या सहा मांजरांची माहिती त्यांनीच लिहिली. ‘ही चावते. दिसायला तशी साधारण.’ ‘हा खूप खातो, उपयोग काही नाही.’ मी म्हटलं, अहो, थोडं कौतुक करा. त्यांचे चेहरे असे झाले, जणू मी खोटी साक्ष द्यायला सांगितली. शेवटी एकीने एका मांजरापुढे ‘वाईट नाही’ असं लिहिलं. टॉर्विकमध्ये याच्या पुढे स्तुती जात नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज लव्हॉन टोलेफसनकडे. गाडीमंडळ त्यांचं. वय एकोणऐंशी, आणि अजून त्या स्वतः गाडी चालवतात. काउंटीची एक व्हॅन आहे. गावातल्या आजारी माणसांना सत्तर मैलांवर शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचं, थांबायचं, परत आणायचं. सगळे ड्रायव्हर बिनपगारी. पूर्वी चौदा होते. आता तीन उरलेत, आणि तिघांच्या वयांची बेरीज दोनशे एकतीस.

काउंटीच्या ग्रॅनक्विस्ट साहेबांचं पत्र आलंय. ३१ ऑक्टोबरपर्यंत आठ ड्रायव्हरांची नावं सहीनिशी दाखवा, नाहीतर नवीन वर्षापासून व्हॅन शेजारच्या काउंटीला.

म्हणजे मर्ल ऑस्बी गावातून गेला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार – डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. त्यानंतर त्याला उभंसुद्धा धड राहता येत नाही, गाडी कुठली चालवणार? व्हॅन गेली तर त्याला तळ्याकाठचं घर सोडून शहरात खोली घेऊन राहावं लागेल. मर्ल शाळेत माझ्यापुढे एक वर्ष होता. माझा नवरा गेल्यानंतर आठ हिवाळे माझ्या दारातला बर्फ त्याने काढला, आणि एकदाही बेल वाजवली नाही, मला आभार मानावे लागतील म्हणून.

लव्हॉन म्हणाल्या, “तुझं ते फेसबुक बघ काही करतं का. नाही केलं तरी आम्ही तुला दोष देणार नाही.” म्हणजे देणार.

१३ सप्टेंबर

टॅरा सांगते, चेहरे दाखवा. तिन्ही ड्रायव्हरांना व्हॅनपाशी उभं केलं. फोटोत पुढे कोणी उभं राहीना. तिघंही व्हॅनच्या मागे जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, दिसत नाही. तर तिघं बाहेर आले आणि पाठ करून उभे राहिले. लव्हॉन म्हणाल्या, पाठीमागून आम्ही बरे दिसतो.

पाठींचाच फोटो घेतला.

१७ सप्टेंबर, सोमवार

गावाच्या गटात टाकलं. थोडक्यात, आणि प्रश्न स्पष्ट! ‘मर्लसारख्या शेजाऱ्यांना हॉस्पिटलात न्यायला पाच ड्रायव्हर हवेत. महिन्यातून तीन-चार फेऱ्या. गाडी चालवाल का?’ खाली दोन पर्याय – हो, नाही. दाबणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं. मर्लला आधी विचारलं होतं, तुझं नाव घालू का. तो म्हणाला, इतरांची हरकत नसेल तर.

आता वाट बघायची. तासाभरात सहा वेळा बघितलं.

१८ सप्टेंबर

हो – १. नाही – ४१.

बरं, नुसतं ‘नाही’ दाबून थांबले नाहीत, खाली लिहिलंयसुद्धा. ‘माझ्यापेक्षा चांगले चालवणारे गावात आहेत.’ ‘माझं काय, मी साधारणच.’ ‘लोकांना माझ्या गाडीत बसायला आवडेल असं नाही.’ शाळेची बस बावीस वर्षं चालवणारी कारी हे लिहिते! बर्फ काढायचा अजस्र ट्रक अरुंद गल्लीतून उलटा नेणारा डेल लिहितो, ‘मला एवढं जमेल का शंका आहे.’ एवढे निर्लज्ज बहाणे मी सदर लिहिताना सव्वीस वर्षांत ऐकले नव्हते.

एकमेव ‘हो’ लिबान वार्समेचा. टर्कीच्या कारखान्यात काम करतो, बायको-मुलांसह नऊ वर्षं इथे आहे, मूळचा सोमालियाचा. नुसतं ‘हो’ नाही, दुपारी काउंटीच्या ऑफिसात येऊन फॉर्म भरून गेलासुद्धा. किराणा दुकानात दोघीजणी कुजबुजत होत्या, पहिल्याच वेळी हो म्हणाला म्हणे. मी दुर्लक्ष केलं.

२० सप्टेंबर

टॅराला फोन. ती म्हणाली, लोकांच्या हृदयापर्यंत पोचत नाहीये, व्हिडिओ करा, लव्हॉनना मनातलं बोलू द्या. केला. लव्हॉननी मनातलं सगळं बोलून टाकलं: “व्हॅन आहे. बरी आहे. हीटर चालतो. आलात तर या, नाही आलात तर आम्ही समजून घेऊ.” अकरा सेकंद. मग एक मिनिट त्या कॅमेऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, कारण बंद कधी होतो ते माहीत नव्हतं.

२५ सप्टेंबर

व्हिडिओ सहाशे जणांनी पाहिला. गावच नऊशेचं आहे.

हो – १. नाही – ८८.

मला माझ्या गावाची लाज वाटते. लिहून टाकते इथे, दुसरीकडे कुठे लिहू? ज्यांच्या प्रत्येक बारशाला, मयताला मर्ल स्वतःच्या ट्रकमधून खुर्च्या वाहून द्यायचा, ती माणसं बोट उचलून ‘नाही’ दाबतात! आणि दाबून झाल्यावर मला दुकानात भेटून विचारतात, कुणी मिळालं का गं? तोंड वर करून विचारतात.

४ ऑक्टोबर, गुरुवार

मर्लकडे गेले होते. तो शहरातली खोली बघून आला. चौथा मजला.

“वाईट नाही,” म्हणाला. “खिडकी आहे.”

“खिडकीतून काय दिसतं?”

“समोरची खिडकी.”

कुत्रा ठेवू देत नाहीत. तो कुत्रा कुणी घेईल का, असं मांजरवाल्यांच्या पानावर टाकशील का, म्हणून त्याने मला विचारलं. हळूच, माझ्यावर भार पडू नये अशा आवाजात. मी हो म्हटलं आणि गाडीत येऊन रडले. मग चिडले. मग गाडी सुरू करायची राहिली आणि त्याने खिडकीतून बघितलं, म्हणून हात हलवून निघाले.

सोमवारी ग्रॅनक्विस्टना कळवून टाकायचं, जमलं नाही म्हणून.

६ ऑक्टोबर, शनिवार

मी गाढव आहे.

सकाळी लव्हॉनकडे गेले, पराभव सांगायला. त्यांनी लिंबाच्या वड्या पुढे केल्या. मी म्हटलं, नको नको. त्या म्हणाल्या, घे गं. मी म्हटलं, नको, आत्ताच खाऊन आले. त्या म्हणाल्या, उगाच वाया जातील. मी म्हटलं, बरं, अर्धी. दोन खाल्ल्या. मग अठ्ठ्याऐंशी ‘नाही’ची यादी त्यांच्यापुढे ठेवली.

लव्हॉननी चष्मा लावून यादी नीट वाचली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, हे तर सगळे यायला तयार आहेत.”

“लव्हॉन, यांनी नाही म्हटलंय.”

“हो ना. मग तू किती वेळा विचारलंस?”

“एकदा.”

त्यांनी चष्मा काढला. “एकदा विचारल्यावर हो म्हणायला ते काय अधाशी आहेत?”

मी ताटलीकडे बघितलं. ताटलीत माझ्या वडीचा चुरा होता. त्रेसष्ट वर्षांत मी या गावात पहिल्या विचारण्याला एक कप कॉफीसुद्धा घेतलेली नाही! लग्नाला तिसऱ्या वेळी हो म्हटलं होतं. आणि टॅराच्या चार तासांत मी हे सगळं विसरले, आणि अख्ख्या गावाला चारचौघांत, नावासकट, पहिल्याच विचारण्याला उत्तर द्यायला लावलं. दुसरं ते काय दाबणार बिचारे?

लव्हॉननी यादीवरून बोट फिरवत मला वाचायला शिकवलं. ‘माझ्यापेक्षा चांगले आहेत’ म्हणजे मला घ्या. ‘मला जमेल का शंका आहे’ म्हणजे कधीपासून येऊ? ज्यांना खरंच यायचं नाही, त्यांनी काहीच दाबलेलं नाही.

८ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा विचारलं. ‘मागच्या वेळी नाही म्हणालात, काही हरकत नाही. तरी विचारून बघावं म्हटलं.’ पर्याय काढून टाकले.

संध्याकाळपर्यंत: ‘दुसरं कोणी मिळालंच नाही तर बघू.’ ‘अगदीच अडलं तर.’ कारीने लिहिलं, ‘मंगळवार तसा मोकळा असतो, पण म्हणून काही नाही.’

खदखदून हसले एकटीच.

१५ ऑक्टोबर

तिसऱ्यांदा. ‘तुमची नावं लिहून ठेवते. ३० तारखेला चार वाजता सभागृहात सहीला या. कॉफी आहे.’

कुणीही काहीही लिहिलं नाही. एक अंगठा नाही, एक शब्द नाही. टॅराचा काळजीने फोन, प्रतिसाद शून्यावर आलाय म्हणून. मी म्हटलं, हो ना, छान चाललंय.

१६ ऑक्टोबर

लिबान ऑफिसात आला होता, त्याची फेरी कधी ते विचारायला. त्याला सगळा प्रकार सांगितला आणि लोक काय कुजबुजत होते त्याबद्दल माफीही मागितली. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “आमच्याकडेही नको म्हणतात, ताई. पण जेवणाला. माणसाला दवाखान्यात न्यायला नाही.”

 

३० ऑक्टोबर, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

चार वाजता सभागृहात सत्तावीस माणसं! ग्रॅनक्विस्ट साहेब टेबलाशी फॉर्म आणि पेन घेऊन बसलेले, त्यांना पाचला निघायचं होतं. फॉर्मवर दोन रकाने – ड्रायव्हर, राखीव ड्रायव्हर. रांग लावा म्हटलं, तर रांग लागेना, कारण पहिलं कोणी उभं राहीना. सगळे भिंतीला टेकून कॉफी पीत, रस्त्याबद्दल बोलत होते. सव्वाचार. साडेचार. मग लिबान उठला, डेलच्या दंडाला धरून त्याला टेबलापाशी नेलं, आणि त्याच्यामागे सगळे आले. माझा जीव भांड्यात पडला.

पावणेपाचला सह्या संपल्या. ग्रॅनक्विस्टनी कागद बघितला आणि मान हलवली.

लव्हॉन आणि त्यांचे दोघे जुने, आणि आधीच फॉर्म भरून गेलेला लिबान – हे चार ड्रायव्हर. बाकी तेवीसच्या तेवीस जणांनी राखीवच्या रकान्यात सही केली होती! दुसऱ्याची जागा कशाला अडवा, म्हणून. राखीव मोजता येत नाहीत, ग्रॅनक्विस्ट म्हणाले. चार म्हणजे चार. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कोटाची बटणं लावायला लागले.

मी ओरडले. खरंच ओरडले, सभागृहात, माझ्या वडिलांच्या चुलत भावंडांसमोर. काय बोलले ते आठवत नाही, पण मर्ल आणि चौथा मजला आणि कुत्रा असं सगळं होतं त्यात. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. चारचौघांत आवाज चढवलेला इथे कुणाला सोसत नाही, आता कुणीच जागचं हलणार नव्हतं.

तेवढ्यात लव्हॉन उठल्या. एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, “साहेबांची गडबड आहे, तेव्हा पटकन उरकू. राखीव माणसाला काम नसतं. त्याने घरी बसायचं, गरम कॉफी प्यायची, आणि गाडी बाकीच्यांनी चालवायची. तर ज्यांना घरी बसायचं आहे त्यांनी हात वर करा, त्यांची नावं राखीवमध्येच ठेवते.”

एक हात वर गेला नाही. मान खाजवायलासुद्धा कुणी हात उचलला नाही.

“कुणीच नाही?” लव्हॉन म्हणाल्या. “मग साहेब, सगळे इकडच्या रकान्यात घ्या.”

ग्रॅनक्विस्टनी टोपण काढलं. ते स्वतः याच भागातले, आई टॉर्विकची. नियमाप्रमाणे प्रत्येकाने पुन्हा सही करायला हवी होती. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत ते सह्या घेत बसले, आणि शेवटी आठ कायम केले, बाकीचे गरज पडेल तसे. जाताना मला म्हणाले, बैठक वाईट नाही झाली.

मर्ल सभागृहात आला नव्हता. त्याला फोन करून सांगितलं. म्हणाला, कुत्र्याचं ते पानावर टाकलं असशील तर काढशील का? मी टाकलंच नव्हतं.

५ नोव्हेंबर

नव्यांची पहिली फेरी, डेल. सहा दहाला निघायचं होतं, सहा वीसला निघाले. मर्ल दारात म्हणाला, कशाला त्रास घेतोस. डेल म्हणाला, त्रास कसला. असं तीनदा झालं. वेळापत्रकात बदल केला – ड्रायव्हरने सहाला पोचायचं, दहा मिनिटं ‘नको’साठी.

२१ नोव्हेंबर

सगळं सुरळीत. तक्रार फक्त चार तास वाट बघण्याची. मी म्हटलं, शहरात फिरून या, दुकानं आहेत. पण मर्ल आत आणि आपण दुकानात, हे त्यांना बरं दिसत नाही. म्हणून तिथेच ताठ खुर्चीवर बसून राहतात. कारी म्हणते त्या खोलीतला मूत्रपिंडांवरचा कागदन् कागद वाचून झाला, भिंतीवरचे आणि टेबलावरचे सगळे. लिबानने तर नर्सला प्रश्न विचारून विचारून हैराण केलंय.

१२ डिसेंबर

टॅराला मोठ्या परिषदेत टॉर्विकची यशोगाथा सांगायची आहे. तुमचं गुपित काय, म्हणून विचारते. मी लिहून पाठवलं – एकच गोष्ट तीनदा विचारली. तिचं उत्तर आलं, त्यात सातत्य या शब्दाला तीन उद्गारचिन्हं होती. जाऊ दे. नवीन वर्षात काहीतरी मोठं आणि मनाला भिडणारं मिळालं तर लगेच टाका, म्हणते. कळवते म्हटलं.

गोधडी मंडळाने पासवर्ड बदलला. फळ्यावर आहे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मर्लचा फोन. तो स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून मला वाटलं काहीतरी वाईट झालं.

हॉस्पिटलात काल त्याला बाजूला बसवून सांगितलं. टॉर्विकच्या आठ ड्रायव्हरांपैकी पाच जणांनी, एकमेकांना पत्ता लागू न देता, आपलं मूत्रपिंड त्याला चालेल का याची तपासणी करून घेतली होती. एकाचं जुळलं. ऑपरेशन एप्रिलमध्ये. नाव सांगायचं नाही, अशी त्या माणसाची अट आहे.

पानावर यातलं काहीही टाकणार नाही. यासाठी कुणी कुणाला एकदाही विचारलं नव्हतं.